ती गाठ केव्हाच विरघळली, आता नळी जोडायची असते

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दात परत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्ही सांगाल आणि बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमचं वय ३३, गाव खानापूरच्या पुढं, दोन्ही बाळंतपणं सिझर, दुसऱ्या सिझरच्या वेळीच म्हणजे २४ व्या वर्षी नळ्या बांधायचं ऑपरेशन करून घेतलं. मुलगी ११ वर्षांची आहे, मुलगा दोन वर्षांमागं गेला. मालक गोव्याला कामाला, पंधरा दिवसांतनं एकदा घरी येतात. बेळगावात एका डॉक्टरांनी सांगितलं नळ्या जोडता येतात, दुसऱ्यांनी सांगितलं त्यात पैसे घालू नका, सरळ टेस्ट ट्यूब करा, आणि सासूबाई म्हणतात गाठच तर मारलीय, सोडली की झालं. तुम्ही विचारलंय, नळ्या उघडल्यावर पुन्हा दिवस जायचा किती टक्के चान्स?

मुलाबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीय, म्हणून मीही तिथं जास्त लिहीत नाही.

माझ्याबद्दल एवढंच की वीस-बावीस वर्षं याच सीमाभागात बायकांचा दवाखाना करते, आणि नळ्या बांधायचं काम जेवढं केलंय त्याच्या मानानं जोडायचं फार कमी केलंय. त्यामुळं माझ्या पेशंटची टक्केवारी सांगून काही उपयोग नाही, आकडा लहान आहे. पण कुठल्या बाईला जोडून घ्यायला पाठवायचं आणि कुठलीला नाही हे ठरवायची वेळ दर दोन-चार महिन्यांनी येते, ते कसं ठरवते तेवढं सांगते.

पहिल्यांदा ते टक्के. कुणी तुम्हाला "९० टक्के सक्सेस" म्हणालं तर लगेच विचारा, कशाचे ९० टक्के? नळी जोडल्यावर टेबलावरच खालून निळं औषध सोडून बघतात, ते पलीकडं बाहेर पडलं की ऑपरेशन यशस्वी झालं असं म्हणता येतं, आणि ते खोटंही नसतं. पण नळी उघडी असणं वेगळं, दिवस जाणं वेगळं आणि मूल हातात येणं आणखी वेगळं. नळी म्हणजे नुसता पाइप नाही की पाणी गेलं म्हणजे झालं. बीज बाहेर पडलं की नळीच्या टोकाची झालर ते उचलते, फळतं ते नळीच्या रुंद भागात, मग आतली बारीक लव त्याला तीन-चार दिवस ढकलत ढकलत गर्भपिशवीपर्यंत आणते. एवढं सगळं चालू राहिलं तर दिवस जातात. जगभरातले अभ्यास एकत्र करून बघितलं तर जोडून घेतलेल्या बायकांपैकी साधारण ४२ ते ६९ टक्के बायकांना दिवस गेले. म्हणजे बरं आहे, पण हमखास नाही. आणि त्यातही "गेले" म्हणजे सगळ्यांची बाळंतपणं नीट झाली असं नाही, काहींचं पडतं, काहींचं नळीतच राहतं, ते पुढं सांगते.

आता सासूबाईंची गाठ. आमच्याकडं ओपीडीत पण असंच विचारतात, "डॉक्टरबाई, गाठ सोडून देतासा काय?" सिझरच्या वेळी बहुतेक जी पद्धत वापरतात तिला पोमेरॉय म्हणतात. नळी मधोमध चिमटीत उचलायची, लूप करायचा, त्याच्या बुडाला विरघळणारा दोरा बांधायचा आणि वरचा लूप कापून टाकायचा. तो दोरा काही आठवड्यांत विरघळून जातो, तो विरघळायलाच पाहिजे असतो, कारण मग दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब जातात आणि बंद होतात. म्हणजे नऊ वर्षांमागची ती गाठ त्याच वर्षी गेली, आता आत सोडायला काही नाहीच. आहेत ती दोन बंद टोकं, मधे रिकामी जागा. दोन्ही टोकं थोडी छाटून ताजी करायची, आतली भोकं समोरासमोर आणायची आणि केसापेक्षा बारीक दोऱ्यानं जोडायची. सासूबाईंना असं सांगून बघा, त्यांना पटेल.

पद्धत कुठली होती यावर बरंच अवलंबून आहे, कारण नळी सगळी मिळून १० ते १२ सेंटीमीटर, त्यातली किती गेली आणि कुठली गेली हा प्रश्न. दुर्बिणीनं म्हणजे ज्याला लोक बिनटाक्याचं म्हणतात त्यात रिंग घातलेली असेल तर दोन-तीन सेंटीमीटर जातं, क्लिप असेल तर त्याहून कमी, म्हणून ह्या बायका नशीबवान. पोमेरॉयमध्ये थोडं जास्त जातं, पण बरेचदा जोडण्यासारखं उरतं. करंट देऊन जाळलेली असेल तर बाहेरून दिसतं त्यापेक्षा आत जास्त खराब झालेलं असतं. आणि काही ठिकाणी टोकाची झालरच कापून काढलेली असते, तिला फिंब्रिएक्टॉमी म्हणतात. ते असेल तर जोडायला जाऊ नका असं मी स्पष्ट सांगते, कारण बीज उचलणारा हातच राहिलेला नसतो. जोडून झाल्यावर नळी निदान चार सेंटीमीटर भरली पाहिजे, आणि पिशवीजवळचा बारीक भाग बारीक भागालाच जुळला तर सगळ्यात बरं. बारीक टोक रुंद टोकाला जोडायचं म्हणजे पेन्सिल बोगद्याला जोडल्यासारखं होतं, होतं पण मनासारखं बसत नाही.

म्हणून मी पेशंटला पहिलं सांगते, जुना कागद शोधा. आपल्या भागात गंमत अशी की घरात जपून ठेवलेला असतो तो नुसता दाखला, कन्नडात, त्यावर "संतानहरण शस्त्रचिकित्से" असं लिहिलेलं, वाचून आपल्या मराठी माणसाच्या पोटात गोळाच येतो, हरण काय केलं म्हणून. पण त्या दाखल्यावर पद्धत बहुतेक नसते. तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणात मिळतं त्या सरकारी कार्डावर पण नसते. पद्धत असते केस पेपरवरच्या ऑपरेशन नोट्समध्ये, नाहीतर दवाखान्याच्या ऑपरेशन रजिस्टरमध्ये. तिथं एक-दोन ओळीच असतात पण त्या ओळीत सगळं असतं. सिझर जिथं झालं तिथं तारीख घेऊन जा आणि त्या नोट्सची झेरॉक्स मागा. आणि मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवणार असाल तर कन्नडातला मजकूर मराठीत नाहीतर इंग्रजीत लिहून घेऊन जा. मागं निपाणीकडची एक बाई तिकडं जाऊन आली, कागद कुणाला वाचता आला नाही म्हणून अंदाजानंच पोट उघडलं आणि दोन्हीकडं झालर नव्हती. रजिस्टरमध्ये ते आधीच लिहिलेलं होतं.

कागद नाहीच मिळाला तरी काम अडत नाही. पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढतात, एचएसजी म्हणतात त्याला, त्यात पिशवीकडचा तुकडा किती उरलाय ते दिसतं. पलीकडचा तुकडा आणि झालर मात्र त्यात दिसत नाही, त्याला दुर्बीणच लागते. म्हणून डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा की त्याच भुलीत आधी दुर्बिणीनं बघा, जोडण्यासारखं असेल तरच पुढं जा, नसेल तर मोठा छेद न देता बाहेर या.

वयाचं सांगायला पाहिजे, कारण एवढ्या सगळ्या अभ्यासांत ठामपणे फरक पाडणारी गोष्ट एकच निघाली, बाईचं वय. मग मी कागदावर एवढी का अडून बसते? माझं मत असं की ज्यांची नळी फारच कमी उरलेली असते त्या बायका बहुतेक त्या अभ्यासांत येतच नाहीत, टेबलावरनंच परत येतात. उरलेल्या सगळ्या जोडण्यासारख्याच असतात, मग त्यांच्यात वयच फरक दाखवणार. ३५ च्या आत चित्र चांगलं असतं, ३५ नंतर उतरायला लागतं, चाळिशीनंतर फारच. तुम्ही ३३ च्या आहात, म्हणजे वेळ आहे पण दोन वर्षं विचार करण्याएवढा नाही. एएमएच म्हणून रक्ताची तपासणी असते, बीजांचा साठा किती उरलाय त्याचा अंदाज येतो, ती आधी करा, आणि सोनोग्राफीत अंडाशय बघून घ्या. एएमएच कमी आलं म्हणजे सगळं संपलं असं नाही, पण मग वेळ जोडण्यात घालवायचा की नाही याचा विचार बदलतो.

आता मालक. खरं सांगू का, तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच वाटली, पंधरा दिवसांतनं एकदा येतात. बायको ऑपरेशन टेबलावर जाणार आणि नवऱ्याची साधी वीर्य तपासणी झालेली नसते, हे मी इतक्या वेळा बघितलंय. विचारलं की "मला दोन पोरं झाली की" म्हणतात. धाकटं झालं त्यालाही नऊ वर्षं झाली हो. मधे गुटखा आला, तंबाखू आली, शुगर आली, कामाच्या जागी उष्णता असते. काहीशे रुपयांत होणारी तपासणी, दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा, संपलं. त्यात काउंट म्हणजे पुरुषबीजांची संख्या फारच कमी आली तर नळ्या जोडून उपयोग नाही, तिथं टेस्ट ट्यूबचाच विचार करावा लागतो. म्हणून ही तपासणी पहिली, तुमच्या सगळ्या तपासण्यांच्या आधी.

आणि दुसरं, बीज बाहेर पडल्यावर १२ ते २४ तासच टिकतं. पुरुषाचं बीज आत तीन ते पाच दिवस टिकतं. म्हणजे महिन्यात पाच-सहा दिवसच कामाचे. मालक ज्या रविवारी येतात तो रविवार त्या दिवसांत बसला तर बसला, नाही तर तो महिना गेला, आणि असे चार-पाच महिने गेले की घरात सुरू होतं की ऑपरेशन फेल गेलं. ऑपरेशन फेल गेलेलं नसतं, गोव्याहून चोर्ल्याच्या घाटरस्त्यानं यायला उशीर झालेला असतो. पाळी २८ दिवसांची असेल तर पाळी आल्यापासून दहाव्या दिवसापासून अठराव्यापर्यंत त्यांनी घरी असायला पाहिजे, नाहीतर तुम्ही तिकडं जायला पाहिजे, एक दिवसाआड संबंध यायला पाहिजेत. पाळी पुढं-मागं होत असेल तर दिवस बदलतात, ते सोनोग्राफीनं बघता येतं. ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी या रजेचं बोलून घ्या, हे मी फार गंभीरपणे सांगते.

ऑपरेशनबद्दल फार लिहीत नाही. कंबरेत इंजेक्शन देऊन किंवा पूर्ण भूल देऊन करतात, सिझरच्या जुन्याच टाक्यातनं जातात, दोन-तीन तास लागतात, दोन-तीन दिवस दवाखान्यात, मग दीड महिना घागर, गवताचा भारा असलं काही उचलायचं नाही. काही जण सगळं दुर्बिणीनं पण करतात. छेद कुठला यापेक्षा हात कुणाचा हे महत्त्वाचं, म्हणून न लाजता विचारा की तुम्ही अशी किती केलीत, मायक्रोस्कोप किंवा भिंग लावून करता का, आणि जोडल्यावर दोन्हीकडची लांबी मोजून कागदावर लिहून देता का. तिसऱ्या प्रश्नाला जे डॉक्टर आनंदानं हो म्हणतात त्यांच्याकडं जा. ती लांबी पुढं फार उपयोगी पडते.

जोडल्यावर दिवस जायचे असतील तर बहुतेकींना पहिल्या वर्ष-दीड वर्षात जातात. मी सहा महिने बघते, नाही गेले तर एचएसजी करून नळी उघडी आहे का बघते, आणि वर्षभरात काही झालं नाही तर टेस्ट ट्यूबचं बोलते.

एक धोका मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत पाहिजे, फक्त तुम्हाला नाही. जोडलेल्या नळीत गर्भ अडकून तिथंच वाढायची शक्यता असते. एरवी शंभरात एक-दोन बायकांना होतं, नळी जोडलेल्यांत शंभरात चार ते आठ. नळी फुटली तर पोटात रक्त साठतं आणि बाई तासाभरात हातची जाऊ शकते. म्हणून पाळी चार-पाच दिवस चुकली की घरी टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडं, बीटा एचसीजी ही रक्ताची तपासणी करायची आणि पाचव्या-सहाव्या आठवड्यात सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे हे बघायचं. लवकर सापडलं तर बरेचदा इंजेक्शनवर भागतं. पोटात एका बाजूला दुखणं, थोडं थोडं लाल जाणं, चक्कर, खांद्यात कळ, यातलं काही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. तुमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नसतो, म्हणून माझ्या त्या भागातल्या पेशंटना मी सांगते की जून ते सप्टेंबरमध्ये टेस्ट पॉझिटिव्ह आली तर सोनोग्राफी होईपर्यंत बेळगावात नाहीतर खानापुरात पाहुण्यांकडं येऊन राहा. ऐकायला अती वाटतं, पण एकदा रात्री अडकलेली जीप बघितलीय मी.

आणि तुमचे दोन सिझर झालेत, म्हणजे पुढचं तिसरं सिझरच असणार. तिसऱ्या वेळी वार खाली लागणं किंवा जुन्या टाक्यात रुतून बसणं याची शक्यता वाढते, आत चिकटलेलं असतं, रक्त जास्त जाऊ शकतं. म्हणून आधी सोनोग्राफीत जुन्या टाक्याची जागा बघून घ्या, अंगातलं रक्त कमी असेल तर ते वाढवून घ्या, आणि बाळंतपण रक्तपेढी असलेल्या मोठ्या दवाखान्यातच ठरवा. हे नळी जोडली काय आणि टेस्ट ट्यूब केलं काय, दोन्हीकडं सारखंच आहे.

मग जोडायचं की टेस्ट ट्यूब? तुम्हाला सांगणारे दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण दोघांनीही तुमचा केस पेपर बघितलेला नाही. टेस्ट ट्यूबमध्ये नळीचा प्रश्नच येत नाही, बीज बाहेर काढतात, फळवतात आणि पिशवीत सोडतात, पण एकदा नाही राहिलं तर पुढच्या वेळी खर्च आणि इंजेक्शनं बरेचदा जवळजवळ पहिल्यापासून. जोडलं तर एकदाच चिरायचं, पुढं दर महिन्याला घरच्या घरी एक संधी. चाळिशीजवळची बाई, नवऱ्याचा काउंट कमी, झालर नाही, नळी चार सेंटीमीटरच्या खाली, यातलं एकही असेल तर मी टेस्ट ट्यूबकडं पाठवते. यातलं काहीच नसेल, वय ३५ च्या आत असेल आणि नवरा घरी राहू शकत असेल तर मी जोडण्याकडं झुकते. आणि नवरा महिन्यातनं दोनच दिवस येणार असेल, त्यात बदल होणारच नसेल, तर मग सगळं बरोबर असूनही मला टेस्ट ट्यूब बरं वाटतं, कारण तिथं तारखा दवाखाना ठरवतो. टेस्ट ट्यूबचं सेंटर २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी झालेलं आहे ना ते बघा, त्या कायद्यात बाईचं वय ५० पर्यंत चालतं, पण कायद्यात चालतं म्हणून अंडाशयात चालतं असं नाही.

सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत पण एकदा जाऊन विचारा, मूल गेलेल्या जोडप्यांसाठी नळ्या जोडून देतात का. २००४ च्या डिसेंबरात सुनामी आली तेव्हा तमिळनाडू सरकारनं पोरं गेलेल्या आयांना हे ऑपरेशन फुकट करून दिलं होतं, म्हणजे ही मागणी काही जगावेगळी नाही. विचारायला लाज कसली.

तुम्ही विचारलं नाहीत पण खाली एका कॉमेंटमध्ये "मुलगाच होईल असं काही करता येतं का" असं कुणीतरी लिहिलंय. नाही. जोडताना नाही, टेस्ट ट्यूबमध्ये नाही, सोनोग्राफीत नाही, गुन्हा आहे तो. आणि एखादं घर फक्त त्यासाठीच बाईचं पोट तिसऱ्यांदा चिरायला निघालं असेल तर मी ते काम घेत नाही. ताई, तुमच्या लिहिण्यात तसं काही दिसलं नाही, पण घरात कुणाच्या मनात असेल तर आत्ताच बोलून टाका, कारण मुलगी झाल्यावर तुम्हालाच ऐकावं लागणार.

तर या महिन्यात दोनच कामं. मालक पुढच्या वेळी आले की त्यांची तपासणी, आणि तुम्ही सिझर झालेल्या दवाखान्यात जाऊन ऑपरेशन नोट्सची झेरॉक्स. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आजपासून सुरू करायला हरकत नाही. झेरॉक्स मिळाली की नाव-गाव झाकून त्या दोन ओळी इथं टाका, कन्नडात असल्या तरी चालेल, मला वाचता येतं. पोमेरॉय लिहिलंय की आणखी काही, ते बघून मग पुढचं बोलू.